तान्ह्या बाळासाठी थंड हवा : हिंगोलीच्या छावणीपासून चिखलदऱ्यापर्यंत

मे महिना सुरू झाला की सेनगाव, हिंगोली, वाशीम या पट्ट्यातून मेळघाटाकडे गाड्या निघतात. मागच्या आसनावर आजी, तिच्या मांडीवर सहा-आठ महिन्यांचे बाळ, कानाला टोपरे, कपाळाला तीट. अकोला मागे पडते, परतवाडा येतो, घाट सुरू होतो आणि चिखलदऱ्याच्या पहिल्या गार झुळकेला कोणीतरी म्हणते, "बाळाला हवा मानवली हो!"

हे वाक्य साधे वाटते, पण त्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. 'हवा मानवणे' ही कल्पना, बाळाला हवापालटासाठी डोंगरावर नेण्याची पद्धत आणि चिखलदरा हे गाव या तिन्ही गोष्टी एकाच काळात, एकाच भीतीतून आकाराला आल्या. ती भीती होती लहान मुलांच्या मरणाची. हा धागा त्याविषयी.

प्रथम नकाशा. आजचा सेनगाव तालुका हिंगोली जिल्ह्यात येतो आणि हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. एकोणिसाव्या शतकात हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सेनगावच्या उत्तरेला रिसोड-वाशीम, म्हणजे वऱ्हाड. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तेव्हापासून सेनगाव निजामी अमलात आणि शेजारचे रिसोड इंग्रजी अमलात, अशी स्थिती झाली. सोयरिकी दोन्हीकडे होत्या, बाजार दोन्हीकडे होते. कचेऱ्या मात्र निराळ्या.

या मुलखाच्या मध्यभागी हिंगोलीची लष्करी छावणी होती. निजामाच्या पदरी असलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, जिला पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' म्हणू लागले, तिचे हे एक प्रमुख ठाणे. १८१९ पासून १९०३ पर्यंत ते टिकले. जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, बोलारम ही याच फौजेची इतर ठाणी.

छावणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तोफा, घोडे आणि कवायत येते. छावणीत पाळणेही असत, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. अधिकाऱ्यांच्या बायका होत्या, शिपायांची कुटुंबे होती, बाजारातल्या व्यापाऱ्यांची घरे होती. या प्रत्येक घरात चैत्र-वैशाख आणि पावसाचे पहिले दोन महिने हा तान्ह्या मुलांच्या दृष्टीने घातकाळ समजला जाई. उन्हाळ्यात हगवण, पावसाळ्यात ताप, अधूनमधून देवी आणि पटकी. भारतातल्या कोणत्याही जुन्या छावणीच्या इंग्रजी कबरस्तानात जाऊन पाहावे. दोन वर्षांखालील मुलांचे दगड किती आहेत ते मोजायला फार वेळ लागत नाही. गावातल्या मुलांचे दगडही उभे राहिले नाहीत.

१८१७ साली बंगालमधील जेसोर भागात पटकीची मोठी साथ उसळली आणि पुढच्या काही वर्षांत ती देशभर पसरली. नेमक्या याच दशकाच्या आसपास इंग्रज अधिकारी डोंगरांकडे वळलेले दिसतात. सिमला आणि उटकमंड येथील पहिली घरे १८१९ ते १८२३ या काळातली. जनरल पीटर लॉडविक महाबळेश्वराच्या पठारावर चढला १८२४ साली. पाच वर्षांत गव्हर्नर जॉन माल्कम याने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून तेथे 'माल्कम पेठ' वसवली. या यादीत चिखलदरा कालक्रमाने महाबळेश्वराच्याही आधी येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ साली ही जागा हेरली असे सांगितले जाते.

'शोध लावला' हा शब्द येथे जपून वापरायला हवा. चिखलदऱ्यापासून हाकेच्या अंतरावर गाविलगड आहे. त्याचे नावच गवळ्यांवरून आलेले. बहमनी सुलतान अहमदशहा याने १४२५ च्या सुमारास तो दगडी बांधला, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तो भोसल्यांकडून जिंकून घेतला. भोवतीच्या रानात कोरकू पिढ्यान्पिढ्या राहत होते. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती 'कीचकदरा', तिचाच पुढे चिखलदरा झाला, ही लोककथाही रॉबिन्सनच्या बापाच्या आधीची. तेव्हा रॉबिन्सनने शोधले ते गाव नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरची, मे महिन्यातही अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटणारी एक रात्र त्याला सापडली.

आता प्रश्न असा की, थंड हवेने बाळ वाचते असे त्या काळच्या शहाण्या माणसांना का वाटत होते?

उत्तर 'मलेरिया' या शब्दातच आहे. इटालियन भाषेत त्याचा अर्थ 'वाईट हवा'. कुजक्या पानांतून, दलदलीतून, ओल्या मातीतून विषारी वाफ निघते, ती रात्री जमिनीलगत साचते आणि श्वासातून शरीरात शिरते, अशी युरोपातल्या वैद्यकाची दृढ समजूत होती. मग उपाय उघड होता: वाफ खाली साचते, तर वर चढा. प्रौढ माणूस कदाचित तग धरील, तान्हे मूल धरणार नाही. म्हणून मुलांना सर्वांत आधी वर न्या. पंजाबात हेन्री लॉरेन्स याने १८४७ साली कसौलीजवळ सनावर येथे शिपायांच्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली ती याच विचाराने.

या उपपत्तीत एक गमतीदार अडचण होती. डोंगरावरची हवा शुद्ध, पण डोंगराच्या पायथ्याचे जंगल सर्वांत विषारी! मेळघाटात वर जायचे तर आधी ते रान ओलांडणे भाग होते. त्यामुळे रानात रात्रीचा मुक्काम करू नये, झोपेत तर मुळीच जाऊ नये, असे सल्ले प्रवाशांना मिळत. बाळाला झोपू न देता घाट चढवणे म्हणजे काय, हे कोणत्याही आईला विचारावे.

त्या काळी हिंगोलीच्या मुलखातून चिखलदऱ्याला पोहोचायचे म्हणजे किती दिवस? सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर कापते. म्हणजे आठ-दहा मुक्काम सहज, तेही वाटेत कोणी आजारी पडले नाही तर. पैनगंगा ओलांडायची, मग वऱ्हाडचे काळ्या मातीचे सपाट मैदान, मग वऱ्हाडातली पूर्णा (मराठवाड्यातली पूर्णा निराळी, नवख्यांचा येथे हमखास घोटाळा होतो), शेवटी एलिचपूरची छावणी आणि तेथून घाट. उन्हामुळे प्रवास पहाटे आणि संध्याकाळी होई, दुपार आमराईत काढावी लागे. ऐपतीप्रमाणे मेणा किंवा डोली. घाटात बाळ-बाळंतिणीला डोलीशिवाय पर्याय नसे, आणि ती खांद्यावर वाहणारे भोई उघड्या पायांनी चढत. आगगाडीने नागपूर गाठले ते १८६७ साली. तोवर वऱ्हाडातून लोहमार्ग गेला होता आणि प्रवास पुष्कळ सुसह्य झाला. हिंगोलीला मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे बैलगाडीच होती.

वाटेवर आणखी एक धास्ती होती. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या सेवेतील इंग्रज अधिकारी. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा उल्लेख आहे: छावणीच्या बाजारात प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरणारा माणूस प्रत्यक्षात ठगांचा म्होरक्या निघाला आणि ज्या अधिकाऱ्यांना तो रोज भेटत असे ते थक्क झाले. कादंबरीचा नायक अमीर अली स्वतः ठग कसा झाला? लहान असताना तो आईवडिलांबरोबर प्रवासाला निघाला होता. वाटेत ठगांनी आईवडिलांना मारले आणि पोराला मुलगा म्हणून वाढवले. हे केवळ कल्पित नव्हे. मारलेल्या प्रवाशांची लहान मुले ठग कधी कधी ठेवून घेत, ही गोष्ट स्लीमनने नोंदवलेल्या कबुलीजबाबांतही येते. ठगांविषयीच्या इंग्रजी कागदपत्रांत अतिशयोक्ती किती, यावर इतिहासकारांत वाद आहे आणि तो रास्तही आहे. तरीही बाळ घेऊन लांबच्या वाटेला लागणाऱ्या कुटुंबाच्या मनात त्या दशकात कोणत्या गोष्टी घोळत असतील, याचा अंदाज या पानांवरून येतो.

असे सगळे सोसून वर पोहोचल्यावर खरोखर लाभ होत असे का?

होत असे, पण सांगितल्या जाणाऱ्या कारणामुळे नव्हे. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस याने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. तो पाहिला सिकंदराबादेस, म्हणजे निजामाच्याच राज्यात. सेनगावचा पाटील ज्या सरकारला सारा भरत होता त्याच सरकारच्या हद्दीत 'वाईट हवे'चा सिद्धान्त निकालात निघाला. चिखलदऱ्याची १,१०० मीटर उंची डासांना वर्ज्य नाही. मग मुले का सावरत? थंडीत दूध लवकर नासत नाही. झऱ्याचे पाणी उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीच्या गाळापेक्षा बरे असते. वस्ती विरळ असल्याने पटकी आणि देवी लवकर पोहोचत नाहीत. उकाडा नसल्याने मूल पितेही चांगले आणि झोपतेही. उपाय बऱ्याच अंशी बरोबर आणि कारणमीमांसा साफ चूक, अशी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात बरीच सापडतात. हे त्यांपैकी एक ठळक.

दुधाचा प्रश्न तर इतका नाजूक होता की त्याभोवती एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. डॉक्टर विल्यम मूर याचे भारतातील कुटुंबांसाठीचे वैद्यकीय पुस्तक १८७४ साली आले. पुढे फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी मेमसाहेबांसाठी गृहव्यवस्थेचे जाडजूड पुस्तक लिहिले. गाय दारात आणून डोळ्यांदेखत दोहून घ्यावी, दूध आणि पाणी उकळावे, भांडी स्वतः तपासावीत, अशा सूचना अशा पुस्तकांत असत. १८६७ पासून हेन्री नेस्ले याचे डब्यातले शिशुअन्नही बाजारात येऊ लागले होते. तरी बाटलीवर वाढलेल्या बाळाचा भरवसा कोणी धरत नसे. आईचे दूध कमी पडले की एकच खात्रीचा मार्ग उरे: दाई.

येथे ही कथा तिच्या सर्वांत अवघड भागाशी येते.

'आया' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, 'दाई' फारसीतून. आया मूल सांभाळणारी, दाई दूध पाजणारी. डोंगरावर जाणाऱ्या साहेबाच्या लवाजम्यात या दोघींपैकी एक तरी असेच. दाईला दूध आहे, याचा अर्थ तिचे स्वतःचेही तान्हे मूल आहे. ते कोठे असे? काही घरांत त्याला बरोबर आणण्याची मुभा असे. पुष्कळदा ते गावी नातेवाइकांकडे राही आणि गाईच्या किंवा शेळीच्या पातळ दुधावर वाढे, म्हणजे साहेबाच्या बाळासाठी जे दूध धोक्याचे मानले जाई त्याच दुधावर. पगार चांगला असे. लुगडी, बांगड्या, चांगले जेवण मिळे. दुष्काळाच्या सालात असा पगार एका घराला तारून नेई. म्हणून त्या जात. पण एका बाळाला थंड हवा मिळावी यासाठी दुसऱ्या बाळाचे दूध डोंगर चढून जात होते, हे हिशेबाच्या वहीत कोठेही येत नाही.

आणि तरी ठपका बहुतेक दाईवरच येई. बाळ अति झोपू लागले की दाईने अफू दिली, असा संशय प्रथम घेतला जाई. अफूची बाळागोळी मुंबई इलाख्यात सर्रास दिली जात होती हे खरेच. मजूर स्त्रिया कामावर जाताना मुलाला निजवण्यासाठी ती देत. परंतु त्याच काळात इंग्लंडमधल्या गिरणी-गावांत 'गॉडफ्रीज कॉर्डियल' नावाचे अफूमिश्रित औषध बाटल्यांनी खपत होते, आणि ते पाजणाऱ्या बायकाही कामावर जाणाऱ्या आयाच होत्या. फरक इतकाच की येथल्या सवयीला 'नेटिवांचे अज्ञान' म्हटले गेले.

मूल पाच-सात वर्षांचे झाले की मेमसाहेब त्याला विलायतेस धाडत. रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला आणि १८७१ साली, सहा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी ठेवला गेला. थंड हवेची ठिकाणे ही त्या वियोगापूर्वीची काही वर्षे होती. डोंगरावरच्या बंगल्यांना जे हळवेपण इंग्रजी आठवणींत चिकटलेले दिसते, त्याचे एक मूळ येथे आहे.

या काळात सेनगावातल्या शेतकऱ्याचे बाळ काय करत होते? त्यालाही प्रवास होता, पण त्याची दिशा निराळी. पहिलटकरीण माहेरी बाळंत होई. त्यामुळे बाळाची पहिली सफर माहेराहून सासरी, बैलगाडीत, गवताच्या गादीवर. दुसरी सफर जावळ काढायला, कुलदैवताच्या पायाशी; या भागात औंढा नागनाथाला किंवा कयाधूच्या काठी नामदेवांच्या नर्सीला. हवापालट हा शब्द तेथे नव्हता. रानाची ओळख मात्र फार लवकर होई, कारण सुगीत आई शेतात जाई तेव्हा बाभळीच्या किंवा लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून बाळ तीत निजे. सावली सरकली की झोळी सरकवायची. बाळ रानात नेण्याची रीत या मुलखाला साहेबाने शिकवली नाही; विश्रांतीसाठी नेण्याची शिकवली.

आणि ती रीतही भारतीयांनी उचलली. मुंबईजवळच्या माथेरानचे उदाहरण बोलके आहे. माथ्यावरचे रान, म्हणून माथेरान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात वर चढला; काही वर्षांतच पारशी, गुजराती आणि नंतर मराठी कुटुंबे तेथे उन्हाळा काढू लागली. वर जायला घोडा, डोली किंवा पायवाट. लेकुरवाळ्या कुटुंबांची खरी सोय झाली ती १९०७ साली, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचे सुमारे सोळा लाख रुपये घालून नेरळहून छोटी आगगाडी वर नेली तेव्हा. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून वळणे घेत जाणाऱ्या त्या गाडीने थंड हवा अंमलदारांच्या मक्त्यातून सोडवली, असे म्हणायला हरकत नाही.

चिखलदऱ्याला अशी आगगाडी मिळाली नाही. ते वऱ्हाडच्या अंमलदारांचे, थोड्या मिशनऱ्यांचे आणि कॉफीच्या मळ्यांचे शांत गाव राहिले. १९०३ साली हैदराबाद कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली, हिंगोलीची छावणी उठली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले, १९६० साली ते राज्य महाराष्ट्र झाले, आणि सेनगाव व रिसोड यांच्यामधली जुनी सरहद्द केवळ जिल्ह्याची हद्द उरली. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला. मराठवाड्याच्या मध्यमवर्गाला चिखलदरा खऱ्या अर्थाने सापडला तो त्यानंतर, एसटीने आणि पुढे स्वतःच्या गाडीने.

मात्र चिखलदऱ्याचा आणि तान्ह्या मुलांचा संबंध तेथे संपत नाही. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि पुढची अनेक वर्षे त्यावर सुनावण्या होत राहिल्या. मरणारी मुले होती चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांतली, बहुतेक कोरकूंची. ज्या रानात दीडशे वर्षांपूर्वी बाळे वाचवण्यासाठी आणली जात, त्याच रानात जन्मलेली बाळे न्यूमोनियाने, हगवणीने, कमी वजनाने जात होती. हवा तीच होती, झरेही तेच. आईच्या पोटात पुरेसे अन्न नव्हते, दवाखाना लांब होता आणि दिवाळीनंतर कामासाठी स्थलांतर अटळ होते. साहेबाच्या बाळाला तारत होते ते उंचीबरोबर वर आलेले सर्व काही: उकळलेले पाणी, दारातली गाय, डॉक्टर, आणि दुसरीचे दूध. केवळ उंचीने कोणाला तारले नव्हते.

याच मेळघाटात धारणी तालुक्यातील बैरागड येथे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दाम्पत्याने दवाखाना चालवला, संसार केला, मुलेही तेथेच वाढवली. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. उतावलीला डॉ. आशिष सातव यांनी रुग्णालय उभारले, आणि गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्याकरवी घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली.

सेनगावहून निघालेली गाडी घाट चढून वर येते तेव्हा वळणावर कधी एखादी कोरकू बाई दिसते: पाठीशी कापडाने बांधलेले मूल, डोक्यावर मोळी. गाडीतले बाळ काचेतून बाहेर बघत असते. पाठीवरचे बहुधा झोपलेले असते.